तबकडीत राहिलेले आवाज

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

२९ जून १८८८. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये, काच आणि लोखंडाच्या त्या अवाढव्य वास्तूत, हँडेल महोत्सव भरला होता. समोर चार हजार गाणारे. आपल्याकडे एखाद्या गावाची वस्ती तेवढी असते! ऑगस्ट मान्स हा संचालक छडी हलवत होता आणि हँडेलचा ‘इजिप्तमधील इस्रायल’ हा ओरेटोरिओ चालू होता. ओरेटोरिओ म्हणजे धर्मग्रंथातली कथा नाटकासारखी, पण वेश आणि हालचाल न करता, कधी एकट्याने तर कधी समूहाने गाऊन सांगायची. आपल्याला कीर्तनातल्या आख्यानाची आठवण यावी असा प्रकार. बातमीदारांसाठी राखलेल्या सज्जात कर्नल गुरो हा एडिसनचा लंडनमधला प्रतिनिधी एक यंत्र घेऊन बसला होता, गाणाऱ्यांपासून शंभर यार्डांहून अधिक लांब. त्या यंत्रातल्या मेणाच्या नळकांड्यांवर त्या दिवशी जे कोरले गेले, त्यातले काही आजही शिल्लक आहे. इंटरनेटवर ते कोणालाही ऐकता येते.

काय ऐकू येते? खरे सांगायचे तर फार थोडे. आधी खरखर, तापल्या तेलात मोहरी तडतडावी तशी. मग त्या खरखरीच्या पलीकडे माणसांचा आवाज. नदीपल्याडच्या गावात जत्रा भरलेली असावी, वारा आपल्या दिशेला वळावा आणि तिथला कल्लोळ घटकाभर कानावर यावा, तसा. चढतो, पसरतो, पुन्हा बुडतो. शब्द कळत नाहीत. पण त्यातला एक तुकडा मोझेस आणि इस्रायलची लेकरे यांच्याबद्दलचा आहे हे नोंदीवरून कळते, आणि मी सावरून बसतो. कारण मोझेस म्हणजे आमचे हजरत मूसा. फिरऔनचा जुलूम, टोळधाड, बेडकांचा सुळसुळाट, पाण्याचे झालेले रक्त, दुभंगलेला समुद्र, हे सगळे मी मिरजेत लहानपणी दादीच्या तोंडून ऐकलेले. लंडनमधल्या चार हजार अनोळखी माणसांच्या तोंडी दादीची गोष्ट, आणि तीही सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वीची! पाश्चात्त्य संगीताचे मी शिक्षण घेतलेले नाही. मराठी विषय घेऊन बी.ए. झालो, कविता लिहीत राहिलो. स्वरलिपी मला वाचता येत नाही. पण गेली तीसेक वर्षे, आधी कॅसेटवर, मग सीडीवर आणि आता मोबाइलवर, मी हे बरोक काळातले संगीत ऐकत आलो आहे आणि त्याने मला पुष्कळ सुख दिले आहे.

बरोक म्हणजे ढोबळमानाने १६०० ते १७५० हा युरोपातला काळ. त्यातले तीन मोठे लोक एकाच वर्षी, १६८५ मध्ये, जन्मले: बाख आणि हँडेल जर्मनीत, डोमेनिको स्कार्लाटी नेपल्सला. बाख १७५० मध्ये गेला, स्कार्लाटी १७५७ मध्ये, हँडेल १७५९ मध्ये. त्यांच्या बोटांतून काय निघत होते ते कुणीच ठेवू शकले नाही. राहिले ते कागद आणि काही वाद्ये. त्या काळाचा खुद्द नाद ऐकायचा असेल तर एक उपाय आपल्या जवळपासही आहे. ‘इजिप्तमधील इस्रायल’चा पहिला प्रयोग लंडनमध्ये झाला तो एप्रिल १७३९ मध्ये, आणि पुढच्याच महिन्यात चिमाजीअप्पांच्या फौजेने पोर्तुगीजांची वसई घेतली. वसई हातची गेली तेव्हा गादीवर असलेला पोर्तुगालचा राजा पाचवा जॉन, त्याच्याच दरबारी स्कार्लाटीने आधी लिस्बनला नोकरी केलेली, त्याच्या मुलीला वाजवायला शिकवलेले. वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या त्या देवळांत बांधल्या. मेणवलीला, भीमाशंकरला त्या अजून आहेत. टोल दिला की बाखच्या हयातीतला धातू बोलतो. बाकी सगळे आपण ऐकतो ते नंतरच्या माणसांनी कागदावरून वाजवलेले आणि गायलेले.

आणि माझी आवड नेमकी तिथेच अडकली आहे. मी बाखची तबकडी लावतो तेव्हा मला बाख किती मिळतो हे पंडितांनी ठरवावे. मला मिळतो तो वाजवणारा, त्याचा दिवस, त्या दिवशी खिडकीबाहेर चाललेले जग.

सुरुवातीच्या तबकड्यांची गोष्ट आपल्याला अगदी ओळखीची आहे. एका बाजूला तीन-चार मिनिटे, त्यापलीकडे नाही. आमच्या मिरजेचे अब्दुल करीम खाँसाहेब एवढ्याशा वेळात राग उभा करून दाखवत. पण बाखचा बी मायनरमधला मास दोन तासांच्या घरातला. तो १९२९ मध्ये प्रथम संपूर्ण मुद्रित झाला तेव्हा ऐकणाऱ्याला तीसएक वेळा उठून बाजू बदलावी लागत असणार. एवढी महाग चैन कोण करणार? म्हणून तिसाव्या दशकात एचएमव्हीने वर्गणीदारांच्या मंडळ्या काढल्या. आधी पैसे भरा, मग तबकड्या निघतील. आपल्याकडे ग्रंथांच्या प्रकाशनपूर्व सवलतीची योजना असते, त्यातलाच प्रकार. याच काळात एडविन फिशर या पियानोवादकाने बाखचे अठ्ठेचाळीस प्रील्यूड आणि फ्यूग १९३३ ते १९३६ या वर्षांत पहिल्यांदा संपूर्ण मुद्रित केले. आजही ते ऐकावे. मधूनच बोट घसरते, आणि ते तसेच ठेवलेले आहे. नंतरच्या काळातल्या कापून-जोडून गुळगुळीत केलेल्या मुद्रणांपेक्षा मला ते जवळचे वाटते.

आल्बर्ट श्वाइट्झरचे नाव आपल्याकडे आफ्रिकेतला सेवाभावी डॉक्टर म्हणून माहीत आहे. मिरजेच्या माणसाला मिशन दवाखान्याचा डॉक्टर नवा नाही, पण हा डॉक्टर ऑरगनही वाजवत असे आणि बाखवर त्याचा जाडजूड ग्रंथ आहे. १९३५ मध्ये त्याने लंडनच्या टॉवरजवळच्या ऑल हॅलोज चर्चमध्ये बाखच्या रचना मुद्रित केल्या. पाच वर्षांनी जर्मन बॉम्बहल्ल्यात ते चर्च उद्ध्वस्त झाले, ऑरगनही गेला. चर्च पुढे पुन्हा बांधले. तो ऑरगन मात्र आता फक्त तबकडीत आहे. संथ, जड पावलांनी चाललेले ते वादन आजच्या वादकांना पसंत पडत नाही. मला त्यात नसलेल्या वाद्याचा श्वास ऐकू येतो.

आता एका ध्वनिमुद्रणाबद्दल जरा सविस्तर बोलायचे आहे. ते मला सगळ्यांत जास्त आवडते आणि सगळ्यांत जास्त त्रासही देते.

ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ सभागृहात विलेम मेंगेलबर्ग हा संचालक १८९९ पासून दर वर्षी, ईस्टरच्या आधीच्या रविवारी, बाखचे ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ सादर करत असे. पॅशन म्हणजे येशूच्या अटकेची, चौकशीची आणि क्रुसावरच्या मृत्यूची कथा. बाखने हे लायपझिगच्या चर्चसाठी लिहिले, १७२७ मध्ये ते प्रथम झाले. पुढे ते विस्मरणात गेले. १८२९ मध्ये बर्लिनला वीस वर्षांच्या मेंडेल्सनने ते पुन्हा उभे केले आणि बाख लोकांना परत मिळाला. २ एप्रिल १९३९ या दिवशी ॲमस्टरडॅमला जो प्रयोग झाला, तो तबकड्यांवर न घेता सिनेमाच्या फितीसारख्या फितीवर घेतला गेला. त्यामुळे चार मिनिटांनी थांबणे नाही. पूर जसा येतो तसे ते येते. पेत्र आपल्या गुरूला नाकारतो आणि मग बाहेर जाऊन रडतो, त्यानंतर व्हायोलिनच्या साथीने दयेची याचना करणारे एक गाणे आहे. तिथे श्रोत्यांतल्या कुणाचा तरी हुंदका फितीवर आला आहे. पाच महिन्यांनी दुसरे महायुद्ध सुरू झाले. तेरा महिन्यांनी, मे १९४० मध्ये, जर्मन फौजा हॉलंडमध्ये शिरल्या.

मी या कथेचा भाविक नाही. आमच्या श्रद्धेप्रमाणे हजरत ईसांना क्रुसावर मरण आलेच नाही. मग मी काय ऐकतो? मी मोहरमचे मर्सिये ऐकत वाढलेला माणूस आहे. करबला कशी संपते हे मजलिशीत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते, तरी सांगणारा पाण्याच्या मशकीपर्यंत आला की गळा दाटतो. पॅशनमध्येही तेच. एक कथेकरी गद्यासारख्या चालीत सांगत जातो, मधे एकेकटे गाणारे थांबून शोक करतात, आणि मधूनच सगळा समूह साधी, सर्वांना पाठ असलेली प्रार्थना म्हणतो. ही रचना मला कुणी समजावून सांगावी लागली नाही.

पण एक गोष्ट मला फार उशिरा ऐकू आली. २००९ च्या सप्टेंबरात, गणेशोत्सवाच्या दिवसांत, मिरजेत दंगल झाली. संचारबंदी लागली. दारे बंद, रस्त्यावर पोलिसांच्या गाड्या आणि मधूनच लांबून येणारा जमावाचा आवाज. तो कुठल्या जमावाचा हे घरातून कळायचे नाही. दोन्हीकडचे आवाज लांबून सारखेच असतात. मी कानाला हेडफोन लावून हेच पॅशन ऐकत बसलो होतो. त्यात सुभेदार जमावाला विचारतो, कुणाला सोडू? येशूला की बरब्बा या कैद्याला? बाखने इथे गाणे लिहिलेलेच नाही. सगळ्या गायकांनी मिळून फक्त त्या कैद्याचे नाव एकदाच फेकायचे, एका कर्कश स्वरमेळावर. अंगावर दगड यावा तसे ते येते. त्या दिवसांत मी ते पाच-सहा वेळा मागे नेऊन ऐकले असेल. आणि मग लक्षात आले की ओरडणारे गळे आणि थोड्याच वेळापूर्वी प्रार्थना म्हणणारे गळे एकच आहेत. जमावासाठी बाखने वेगळे लोक ठेवलेले नाहीत. आधीच्या भोजनाच्या प्रसंगात तर तो आणखी पुढे जातो. तुमच्यातला एक जण मला दगा देणार, असे येशू म्हणतो तेव्हा शिष्य घाबरून एकेक करून विचारतात, तो मी तर नाही ना? जाणकारांनी मोजले आहे, प्रश्न अकरा वेळा येतो. शिष्य बारा, यहूदा गप्प. आणि लगेच तोच समूह प्रार्थनेच्या चालीत कबूल करतो की तो मीच.

ॲमस्टरडॅमच्या त्या सभागृहात हे गायले गेले, लोक रडले. १९४१ मध्ये त्याच वाद्यवृंदातल्या ज्यू वादकांना काढून टाकण्यात आले. मेंगेलबर्ग छडी घेऊन उभाच राहिला. युद्धकाळात जर्मनीत जाऊन कार्यक्रम करत राहिला. १९४५ मध्ये डच लोकांनी त्याच्यावर संचालनाची बंदी घातली. ती उठण्याआधीच, १९५१ मध्ये, तो स्वित्झर्लंडमध्ये वारला. इकडे १९४१ मध्येच जर्मनीत लायपझिगला, खुद्द बाखच्या चर्चच्या गायकवृंदाने ग्युंटर रामिनच्या हाताखाली याच पॅशनचे, बरेच काटछाट केलेले, मुद्रण केले. कथेकरी दोन्हीकडे एकच, कार्ल एर्ब, साठी ओलांडलेला किंवा ओलांडायला आलेला. तोच गोड, थोडा नाकातला आवाज. ज्या मेंडेल्सनमुळे हे पॅशन जगाला परत मिळाले तो जन्माने ज्यू, म्हणून त्याचा पुतळा याच लायपझिगमध्ये १९३६ साली उखडून टाकला होता. त्याने वाचवलेले गाणे मात्र सगळ्यांना हवे होते.

मग हे ऐकावे की नाही? मित्रांशी यावर माझे वाद झाले आहेत. मी ऐकतो. मेंगेलबर्गला माफ करण्याचा अधिकार माझ्याकडे नाही. तो ज्यांच्याकडे होता त्यांच्यातले बरेच जण परतलेच नाहीत. पण त्या फितीवर एकटा मेंगेलबर्ग नाही. तिथे तो हुंदका आहे, वर्षा-दोन वर्षांत ज्यांचे जग उलटेपालटे झाले असे शेकडो लोक श्वास रोखून बसलेले आहेत. त्यांना मी कसा बंद करू?

दुसऱ्या बाजूला वांदा लांदोव्स्का. वॉर्सात १८७९ मध्ये ज्यू घरात जन्मलेली ही बाई पॅरिसला येऊन राहिली आणि तिने हार्पसिकॉर्ड या जवळजवळ मोडीत निघालेल्या वाद्याला पुन्हा व्यासपीठावर बसवले. हार्पसिकॉर्ड दिसायला पियानोचा भाऊ, पण जात वेगळी. पियानोत हातोडी तारेवर पडते, इथे पट्टी दाबली की पिसाच्या दांडीचा तुकडा तार छेडतो. मिरजेत सतारमेकरांच्या दुकानांवरून जाणाऱ्याला हा आवाज परका वाटू नये, नखीने तार छेडण्याचीच ही तऱ्हा. बोट जोरात मारले म्हणून आवाज मोठा होत नाही. मग वादक भाव आणतो तो काळाशी खेळून, एखादा स्वर केसभर अडवून, एखादा लवकर सोडून. लांदोव्स्का यात पटाईत होती. १९३३ मध्ये तिने बाखची ‘गोल्डबर्ग व्हेरिएशन्स’ हार्पसिकॉर्डवर पहिल्यांदा मुद्रित केली. तिचे वाद्य प्लेयेल कंपनीने खास तिच्यासाठी घडवलेले, आत लोखंडी चौकट, पायांशी पेडलांची रांग. हे कसले जुने वाद्य, म्हणून पुढच्या पिढीतल्या शुद्धतावाद्यांनी त्याची टिंगल केली. करू द्या. त्यांना हे वाद्य ऐकायची गोडी लागली तीच मुळी तिच्यामुळे.

१९४० साली, जर्मन पॅरिसमध्ये शिरायच्या काही महिने आधी, ती स्कार्लाटीचे सोनाटा मुद्रित करत होती. डी मेजरमधला एक सोनाटा, कर्कपॅट्रिकच्या यादीत ४९० क्रमांकाचा. वाजवणे चालू असताना विमानविरोधी तोफा सुटल्या. ती थांबली नाही. तबकडीत ते धक्के आहेत. जुन्या तबकडीच्या खरखरीत चटकन कळत नाहीत, पण एकदा कानाला सापडले की सोडत नाहीत. लांब कुठेतरी जड दार आपटावे तसे, आणि त्यांचा लयीशी काही संबंध नाही. हा सोनाटा मुळात मिरवणुकीसारखा, ढोल वाजल्याचा भास देणारा. स्पेनमधल्या धार्मिक मिरवणुका स्कार्लाटीच्या कानात असाव्यात असे म्हणतात. त्याच्या कल्पनेतल्या ढोलाला पॅरिसच्या खऱ्या तोफांनी अशी साथ केली. जूनमध्ये ती दक्षिणेला पळाली. पॅरिसजवळच्या सँ-ल्यू-ला-फोरे गावातले तिचे घर, ग्रंथ, हस्तलिखिते, वाद्ये नाझींनी लुटून नेली. ती न्यूयॉर्कच्या बंदरात उतरली तो दिवस ७ डिसेंबर १९४१, पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याचा. साठी उलटलेली होती. दोन-अडीच महिन्यांत तिने न्यूयॉर्कला ‘गोल्डबर्ग’ वाजवले.

तिची एक शिष्या व्हायची राहून गेली. चेकोस्लोव्हाकियातल्या पिल्झेन गावची झुझाना रुझिच्कोव्हा, जन्म १९२७. पोर बाखवेडी आहे हे पाहून तिच्या बाईंनी तिला पुढे लांदोव्स्काकडे पाठवायचे ठरवले होते. त्याऐवजी १९४२ मध्ये ती, ज्यू म्हणून, टेरेझिनच्या छावणीत गेली, तिथून ऑशविट्झला. ऑशविट्झच्या वाटेवर तिच्याजवळ एक कागदाचा कपटा होता. त्यावर तिने बाखच्या पाचव्या इंग्लिश स्वीटमधल्या साराबांदचे स्वर लिहून घेतले होते, ताईत असावा तसे. साराबांद हे संथ चालीचे जुने नृत्य. उतरल्यावर ट्रकमध्ये कोंबताना मायलेकींची ताटातूट झाली, वाऱ्याने तो कपटा हातातून उडाला, आई त्याच्यामागे धावली आणि त्या धावपळीत मुलीच्याच ट्रकमध्ये चढवली गेली. पुढे हॅम्बुर्गला मजुरी, मग बर्गन-बेल्सन. दोघीही वाचल्या. १९४५ मध्ये ती घरी परतली तेव्हा हातांची पार दशा झाली होती, आणि आता वाजवणे विसर असेच तिला सांगितले गेले. ती रोज बारा-बारा तास रियाझाला बसली. १९६५ ते १९७४ या काळात एराटो कंपनीसाठी तिने बाखच्या कीबोर्डवरच्या समग्र रचना हार्पसिकॉर्डवर मुद्रित केल्या, असे करणारी ती पहिलीच. मायदेशी कम्युनिस्ट राजवट होती. पक्षात ती कधी गेली नाही, आणि परदेशातल्या कमाईतला मोठा वाटा सरकार काढून घेई. २०१६ मध्ये ती सगळी मुद्रणे वीस सीडींच्या संचात पुन्हा निघाली, २०१७ मध्ये ती वारली. ती साराबांद त्या संचात आहे. मी ती पहिल्यांदा लावली तेव्हा मनाची तयारी करून बसलो होतो, आता काळीज पिळवटणार म्हणून. तसे काही नाही. ती सरळ, ताठ, अजिबात न लाडावता वाजवते.

सत्तरच्या दशकापासून वेगळेच वारे सुटले. जुने संगीत जुन्याच वाद्यांवर आणि जुन्याच पद्धतीने व्हावे, असा आग्रह. व्हिएन्नाचा हार्नोंकूर आणि ॲमस्टरडॅमचा लिओनहार्ट यांनी १९७१ ते १९८९ अशी अठरा वर्षे खपून बाखचे चर्चसाठीचे कँटाटा, सुमारे दोनशे, याच रीतीने मुद्रित केले. गायकवृंदात बायकांऐवजी मुलगे, कारण लायपझिगला तसेच असत. मग जोशुआ रिफ्किन या अमेरिकन अभ्यासकाने १९८१ मध्ये सांगितले की बाखचा गायकवृंद म्हणून काही मोठा समूह नव्हताच, एका स्वरपंक्तीला एकच गाणारा असे. बी मायनर मास त्याने तसाच मुद्रित करून दाखवला. मोठे भांडण झाले. विरोधकांनी बाखचाच १७३० चा, लायपझिगच्या नगरपालिकेला दिलेला अर्ज पुढे केला. त्यात तो पंक्तीला तीन, जमल्यास चार गाणारे मागतो. मागतो म्हणजे नव्हते, असे दुसरी बाजू म्हणणार! क्रिस्टल पॅलेसच्या चार हजारांपासून शंभर वर्षांच्या आत आपण हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या गायकांपर्यंत आलो. मला दोन्ही चालते. थोडे गाणारे असले की शब्द आणि शब्दामागचा माणूस कळतो. पण बरब्बाच्या नावाची आरोळी चार जणांनी मारली तर मी घाबरत नाही.

ग्लेन गूल्डबद्दल इतके लिहिले गेले आहे की मी थोडक्यात उरकतो. कॅनडाच्या या बावीस वर्षांच्या पोराने जून १९५५ मध्ये न्यूयॉर्कला, एका जुन्या चर्चचा केलेल्या स्टुडिओत, तेच ‘गोल्डबर्ग’ पियानोवर अडतीस मिनिटांत वाजवले. १९६४ मध्ये मैफली कायमच्या बंद केल्या, कारण त्याचा विश्वास स्टुडिओवर. १९८१ मध्ये त्याच जागी तीच रचना पुन्हा, या वेळी एक्कावन्न मिनिटे. पुढच्या वर्षी पन्नाशीत गेला. वाजवताना तो स्वतःशीच गुणगुणतो. ते कुणाला खटकते, मला आवडते. आणखी एका तबकडीवर तो आहे. १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर सोन्याचा मुलामा दिलेली जी तबकडी अंतराळात गेली, तिच्यात गूल्डने वाजवलेला बाखचा एक प्रील्यूड आणि फ्यूग आहे, आणि त्याच तबकडीवर आहेत आपल्या गोव्याच्या केरीच्या केसरबाई केरकर, भैरवी गाताना. दुसरे यान उडाले ५ सप्टेंबरला. केसरबाई गेल्या १६ सप्टेंबरला. आता ते दोघे सूर्यमालेच्या कुंपणापलीकडे शेजारी-शेजारी आहेत.

हल्ली मी जास्त करून जपानी मुद्रणे ऐकतो. मासाआकी सुझुकी या ऑरगनवादकाने १९९० मध्ये बाख कॉलेजियम जपान काढले आणि १९९५ ते २०१३ या काळात बाखचे सगळे चर्च कँटाटा पंचावन्न सीडींवर मुद्रित केले. ठिकाण कोबे शहरातल्या एका महिला विद्यापीठाचे प्रार्थनागृह. १९९५ च्या जानेवारीत याच कोबेत मोठा भूकंप होऊन हजारो माणसे मेली होती, आणि त्याच वर्षी हे काम सुरू झाले. मुद्रणांत त्याची काही खूण नाही. खोली स्वच्छ, आवाज निवळ, जर्मन उच्चार जर्मनांनीही नावाजलेले.

कुठून सुरुवात करावी असे विचारणारे असतात, त्यांना मी एवढेच सांगतो की १८८८ च्या नळकांड्यापासून करू नका. आधी या सुझुकींचा एखादा छोटा कँटाटा ऐका, वीसेक मिनिटांचा. रात्री, दिवा मालवून. मग रुझिच्कोव्हाची साराबांद. लांदोव्स्काचा तो तोफांचा सोनाटा मात्र हेडफोन लावून ऐका, आणि आवाज थोडा वाढवा.